तेंदू कापला की दुप्पट फुटतो, मग मोहाखाली रोप काऊन नाही?

भाऊ, तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसतात पण सगळे एकाच ठिकाणी जाऊन भिडतात, म्हणून एकत्रच लिहितो, जरा लांबेल. तुम्ही म्हणता की गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात तुमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचं जंगल मिळालं आहे, त्यात तेंदू आन् पळस कितीही कापा दुप्पट होऊन फुटतो, मोहाची म्हातारी झाडं भरपूर आहेत पण त्यांच्याखाली एक रोप सापडत नाही, मागच्या पावसाळ्यात मोहाचं बी गोळा करून पोत्यात ठेवलं आणि यंदा जूनमध्ये लावलं तर एकही उगवलं नाही, शिवाय मोहफूल एका वर्षी पोत्यांनी आणि दुसऱ्या वर्षी टोपलीभर. आणि शेवटी विचारता की जंगल वाढून राहिलं की संपून राहिलं.

आधी शेवटच्याच प्रश्नाचं सांगतो. नुसतं हिरवं दिसलं म्हणून जंगल वाढून राहिलं असं धरू नका. बारमाही जंगली झाडाकडे पुढं जायचे दोन रस्ते असतात, एक बियांचा आणि दुसरा मुळांचा. आग, कुऱ्हाड, चराई, दुष्काळ यातलं काही मागे लागलं की झाड बियांचा रस्ता सोडून मुळांवर येतं. मुळांवरून फुटणारं ते जुनंच झाड असतं, नवीन नाही. ज्या जातीला मुळांवरून फुटायची सवय आहे ती अशा जंगलात माजते आणि जिला बियांवरच जास्त भरवसा ठेवावा लागतो ती हळूहळू म्हातारी होऊन जाते. तुमच्या जंगलात तेंदू-पळस पहिल्या प्रकारात आहेत आणि मोह दुसऱ्या. बाकी सगळं याचंच स्पष्टीकरण आहे.

तेंदूपासून घेऊ, कारण पैसा तिथं आहे. तेंदूचा एखादा कोंब निवडा, पेन्सिलीएवढा, गुडघ्यापर्यंतचा, आणि त्याच्या बाजूची माती हातभर हळूहळू मोकळी करा. फार वेळा असं दिसेल की वरचा कोंब बोटाएवढा आणि खालचं मूळ मनगटाएवढं, आणि ते मूळ सरळ खाली न जाता आडवं धावत गेलंय. त्या आडव्या मुळावर थोड्या थोड्या अंतरावर आणखी कोंब असतात. म्हणजे तुम्हाला वीस झुडपं दिसून राहिली ती कदाचित एकाच झाडाची लेकरंसुद्धा नाहीत, एकच झाड आहे. बियांपासून आलेलं रोप असेल तर मूळ सोटासारखं सरळ खाली जातं, आडव्या मुळाला जोडलेलं नसतं. ही ओळख ग्रामसभेतल्या पोट्ट्यांना आधी शिकवा, कारण ही ओळख नसेल तर जंगलाची मोजणी करून काही उपयोग नाही.

आता कापल्यावर दुप्पट काऊन फुटतं ते. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली मुळापर्यंत उतरतं आणि मुळावरच्या झोपलेल्या डोळ्यांना झोपवूनच ठेवतं. शेंडा गेला की तो दाब गेला, मुळात साठवलेला स्टार्च तर तसाच आहे, मग सगळे डोळे एकदम जागे होतात. आग गेली तर त्यात भर पडते, वरची सावली जाते, काळी पडलेली जमीन उन्हानं तापते आणि कोंब जोरात निघतात. तेंदूपत्त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी करतात आणि कुठं कुठं आगही लावतात ती याच कारणानं, कवळं मोठं पान एकसारखं मिळतं. पानाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. पण झाडाच्या हिशेबानं पाहा. तेंदूचं फूल उन्हाळ्यात येतं आणि फळ पिकायला जवळपास पुढचा उन्हाळा उजाडतो. दरवर्षी ज्याचा शेंडाच कापला जातो त्याला फूल यायला वावच मिळत नाही, मग फळ कुठून येईल. त्यात आणखी एक भानगड अशी की तेंदूत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, म्हणजे तुमचा एखादा पूर्ण पट्टा एकाच नर झाडाच्या मुळांवरून पसरलेला असला तर तो शंभर वर्षं जगला तरी एक टेंभरू, म्हणजे तेंदूचं फळ, देणार नाही. आणि सगळे कोंब एकाच जातकुळीचे असल्यामुळं एखादी कीड किंवा रोग आला तर सगळ्यांना सारखाच मानवतो.

याचा अर्थ तेंदूपत्ता बंद करा असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे घराघराचा उन्हाळा त्याच्यावर चालतो. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात. तो त्यांचा निर्णय, त्यांच्याकडे बांबूचं उत्पन्न होतं. तुमच्यासाठी माझं मत असं की जंगलाचे तुकडे पाडा आणि दरवर्षी एक तुकडा छाटणीतून पूर्ण मोकळा सोडा, त्यातली जी झाडं फळ देतात ती मादी झाडं रंगानं खूण करून कायमची राखा, आणि आग मात्र कुठंच नको. छाटणीनं पान मिळतंच, आगीची गरज नाही.

पळसाचं जास्त लिहित नाही. त्याचंही मुळांवर फुटणं तसंच, वरून शेळ्या-गायी त्याला तोंड लावत नाहीत, पाणी साचलेली जमीन चालते, खारवट जमीन चालते. बाकीचं चरून गेलं की उरतो तो पळस. पण त्याचं बीसुद्धा हुशार आहे, पळसपापडी म्हणजे एका टोकाला एकच बी आणि बाकी सगळा पंख, मे-जूनच्या वाऱ्यावर उडते आणि पाऊस पडला की लगेच उगवते. म्हणून पळस दोन्ही रस्त्यांनी चालतो. वावराच्या धुऱ्यावरचा पळस तुम्हाला नकोच असेल तर उन्हाळ्याच्या आधी, पानगळीच्या वेळी कापू नका, तेव्हा सगळी साठवण मुळात भरलेली असते आणि तो दुप्पट येतो. नवीन पानं पूर्ण भरून आली की कापा, तेव्हा मूळ रिकामं झालेलं असतं, आणि परत फुटला की परत पानं भरू द्या आणि परत कापा. वावरातल्या कुंद्याचं, म्हणजे त्या चिवट गवताचंही गणित तेच. काळ्या जमिनीत त्याच्या गाठी खोल असतात, नांगरानं तुकडे झाले की प्रत्येक पेरावर नवीन कुंदा. पावसाच्या तोंडावर तोडून ठेवणं म्हणजे लागवड करणंच झालं, उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उघड्यावर टाकल्या आणि वेचून काढल्या तरच तो हटतो.

मोहाकडे येतो, मला खरं लिहायचं होतं ते इथं.

मोह, पळस, सावर ही सगळी झाडं ऐन कडक उन्हात, पानं नसताना फुलतात, हे लोकांना उलटं वाटतं. पानं गेली म्हणजे पाणी उडून जायचे रस्ते बंद झाले, मग मुळांनी खालून ओढलेली ओल खोडात भरून राहते आणि त्यावर कळ्या फुटतात. पानं नसल्यामुळं फुलं लांबून दिसतात, पाखरांना आणि वटवाघळांना अडथळा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे फाल्गुन-चैत्रात फूल आलं तर फळ पावसाच्या तोंडावर तयार होतं, बी पडलं की ओल तयार. वरुड-मोर्शी-काटोलकडचे संत्रावाले बागेचं पाणी तोडून ताण देतात, वाढ थांबते, साठवण होते आणि मग पाणी सोडलं की बहार फुटतो. जंगलातल्या झाडाला हा ताण आपला उन्हाळाच देतो.

आता मोहाचं फूल नीट बघा. फांदीच्या शेंड्याला तपकिरी लवेच्या कळ्यांचा घोस असतो. प्रत्येक कळीतून एक बारीक दांडी फूल उमलायच्या आधीच बाहेर आलेली दिसते, ती मादी भागाची दांडी, परागकण घेणारी. रात्री फूल उमलतं, गोड वासावर वटवाघळं येतात, आणि पहाटे जे टपटप खाली पडतं ते पूर्ण फूल नसतंच. वेचलेलं एक ताजं फूल हातात घेऊन पाहा, पोकळ गोळा आहे, आत पुंकेसर चिकटलेले, आणि जिथून ते सुटलं तिथं भोक आहे. त्या भोकातून जी दांडी गेलेली होती ती आणि तिच्या बुडचा बीजकोश वर फांदीवरच राहिला. फळ त्याचं होतं. म्हणजे खाली पडलेली सगळीच्या सगळी मोहफुलं तुम्ही वेचून नेली तरी झाडाचं एक फळसुद्धा कमी होत नाही. काही मंडळी सांगत फिरतात की आदिवासी फुलं वेचतात म्हणून मोह संपला, ते चूक आहे, मीटिंगमध्ये कोणी म्हटलं तर हे फूल त्यांच्या हातावर ठेवा.

मग रोप काऊन नाही. कारण फूल वेचायला जमीन साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. दरवर्षी, नेमक्या त्याच जागेवर. मागच्या पावसाळ्यात उगवलेलं रोप तोपर्यंत सात-आठ महिन्यांचं असतं, त्याचं मूळ अजून एवढं जाड झालेलं नसतं की जळल्यावर परत फुटेल. त्यातून जे वाचलं ते शेळ्या खातात. आणि टोळ, म्हणजे मोहाची फळं, पिकले की तेलासाठी तेही गोळा होतात, म्हणजे बी जमिनीवर राहतच नाही. वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, गर खातं आणि बी तिथं टाकून देतं, तेवढंच बी दूर जातं. म्हणून कधी कधी मोहाचं रोप मोहाखाली नाही तर भलत्याच झाडाखाली किंवा एखाद्या जाळीत सापडतं, तिथं आधी शोधा.

तुमच्या पोत्यातल्या बियांचंही उत्तर यातच आहे. मोहाचं बी साठवायचं बी नाही. त्यात तेल आणि ओल भरपूर, वाळलं की आतला अंकुर मरतो. ते जून-जुलैमध्ये पडतं आणि लगेच ओल्या जमिनीत उगवतं, थांबायची सोय निसर्गानं त्याला दिलीच नाही. याच्या उलट सागाचं फळ, कडक कवच, ते ऊन-पाऊस खात खात सावकाश उघडतं, म्हणून नर्सरीत सागाचं बी आलटून पालटून भिजवतात आणि वाळवतात. चारोळीचं कवचही असंच टणक, हलक्या हातानं फोडलं तर उगवण सुधारते, पण चारोळीची दुसरीच अडचण आहे, लोक फळ हिरवं असतानाच आणि फांद्यांसकट तोडून नेतात, पिकायला कोणी ठेवतच नाही. तर प्रत्येक बियाची रीत वेगळी आहे आणि सगळं बी एका पोत्यात भरून जूनची वाट पाहिली तर मोहासारखं बी वायाच जाणार.

मोहासाठी असं करा. जुलैमध्ये आपोआप गळून पडलेले पिकलेले टोळ घ्या, चांगलं गोड मोठं फूल देणाऱ्या पाच-सात वेगवेगळ्या झाडांचे घ्या, एकाच झाडाचे नको. गर काढा, बी सावलीत ठेवा आणि आठवड्याच्या आत लावून टाका. आडवं ठेवायचं, वर बोटाच्या एका पेराएवढी माती, जास्त नाही. पिशवीत लावायचं असेल तर लांब पिशवी घ्या, सोटमूळ पटकन खाली जातं आणि आखूड पिशवीत वळून बसतं, असं झाड पुढं जोर धरत नाही. पण माझा कल थेट जंगलात टोचण्याकडे आहे, आणि तेही बोराटीच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही काटेरी जाळीच्या बुडात, तिथं शेळीचं तोंड पोचत नाही आणि सावलीमुळं पहिला उन्हाळा निघतो. फूल वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून घेराच्या बाहेर ढीग करा, किंवा खाली जाळी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात आणि मातीचं फूल म्हणून व्यापारी भाव पाडतो ते बंद होतं.

लावलेलं रोप पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात वरून वाळलेलं दिसलं तर मेलं म्हणून उपटू नका. आपल्याकडच्या जंगलात साग, तेंदू अशा कितीतरी जातींची रोपं वर्षानुवर्षं हेच करतात, उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, पावसात परत फुटतो, आणि दरवेळी खालचं मूळ थोडं जाड होत जातं. एक दिवस मूळ एवढं भरतं की एकाच पावसाळ्यात कोंब गुराच्या तोंडाच्या वर निघून जातो. चंद्रपूरकडे पारा ४६-४७ ला जातो, त्या उन्हात वर वाढण्यापेक्षा खाली वाढणं हाच शहाणपणा आहे. तुमच्याकडे गडचिरोलीत वर्षाला १३००-१५०० मिलिमीटर पाऊस तरी आहे, बुलढाण्याकडे त्याच्या जवळपास निम्माच, तिथं तर बियांपासून रोप जगणं आणखीच अवघड आणि मुळांवरचा भार आणखी जास्त.

मोहफूल एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष कमी, याची दोन कारणं. फुलतं तेव्हा झाडावर पानं जवळपास नसतात, मग त्या फुलातली साखर आली कुठून, तर मागच्या पावसाळ्या-हिवाळ्यात पानांनी कमावून खोडात ठेवलेली असते. एका वर्षी झाडानं फूल आणि फळ दोन्ही भरभरून दिलं तर साठा खाली होतो आणि पुढच्या वर्षी ते फूल कमी करून पानं वाढवतं. हे झाडाच्या हातातलं. दुसरं हवामान. ऐन फुलाच्या वेळी आभाळ आलं, अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली तर कळी झडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भात कोणी विसरलेलं नाही. आणि एखादं वाळत चाललेलं किंवा खोडाची साल सोललेलं झाड अचानक फार फुललं तर खुश होऊ नका. साल गेली की पानांनी बनवलेली साखर मुळाकडे उतरत नाही, वरच अडकते, आणि फुलावर खर्च होते. मूळ उपाशी मरतं. असं झाड शेवटचं फुलून राहिलेलं असतं, त्याचं बी त्याच वर्षी पकडून लावा.

कंदवाल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या जंगलातून मुसळी जाते म्हणून सांगून ठेवतो. सफेद मुसळीचं झाड पावसाळ्यात वर येतं, फुलतं आणि पावसाळा संपला की वरून वाळून जातं, पुढच्या पावसापर्यंत जमिनीखालीच झोपलेलं. तिच्या मुळ्यांचा झुबका वर एका बारीक चकतीला जोडलेला असतो आणि डोळा फक्त त्या चकतीत असतो. नुसती मुळी तोडून परत पुरली तर ती कुजते, चकतीचा तुकडा सोबत असेल तरच फुटते. म्हणून खोदायची असेल तर पानं वाळल्यावरच खोदा, बी तोपर्यंत पडलेलं असतं, आणि दोन-तीन मुळ्या चकतीसकट तिथंच परत पुरा. ऑगस्टमध्ये हिरवी असताना उपटली की बीही गेलं, कंदही गेला. कळलावीच्या कंदाचंही असंच, दोन फाट्यांच्या टोकाला डोळा असतो, टोक मोडलं की तो तुकडा निकामी. आणि कळलावी फार विषारी, लेकरांच्या हाती देऊ नका.

गवताचं एकच सांगतो. कुसळी गवताचं एक बी ओल्या तळहातावर ठेवा, त्याचा पीळ डोळ्यांदेखत उलगडतो आणि टोक फिरायला लागतं. दिवसा वाळून, रात्री दवानं ओलं होऊन ते असंच फिरत फिरत मातीत घुसतं आणि वरून आग गेली तरी वाचतं. म्हणून जास्त चराई आणि आग असलेल्या माळावर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं कमी होऊन कुसळीच उरते. कुसळी वाढली म्हणजे गुरं जास्त झालीत किंवा आग वारंवार येऊन राहिली, असं खुशाल समजा.

बांबूचं मात्र सगळं उलटं. आपला बांबू काही दशकं फक्त मुळांवरून, नवीन कोंब काढत वाढतो आणि मग एका वर्षी बेटंच्या बेटं एकदम फुलतात, बी टाकतात आणि वाळून मरतात. १९७६ साली डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञानं याचं कारण मांडलं की थोडं थोडं बी दिलं तर उंदीर-पाखरं सगळं खाऊन टाकतील, म्हणून एवढं एकदम द्यायचं की खाऊन खाऊन उरलंच पाहिजे. मिझोरामात तिकडची एक जात ४८ वर्षांनी फुलते, १९५९ आणि २००७ मध्ये फुलली आणि उंदीर एवढे वाढले की शेतातलं धानही गेलं. आपली जात वेगळी आहे आणि आपल्याकडे एखाददुसरं बेट अधेमधेही फुलतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण तुमच्या जंगलात मोठा पट्टा एकदम फुलला तर ग्रामसभेनं तेव्हाच ठराव घ्या. बी पूर्ण पडेपर्यंत बेट तोडायचं नाही, पडल्यावर वाळका बांबू काढून घ्यायचा कारण तोच आगीचं सरपण होतो, आणि त्या पट्ट्यात पुढची काही वर्षं गुरं आणि आग दोन्ही बंद. तेव्हा उगवलेली ती बारीक गवतासारखी रोपं जळली तर परत बी मिळायला तुमच्या नातवंडांची वेळ येईल.

यंदा सुरुवात करायची असेल तर मोजणीपासून करा. जंगलात चार-पाच ठिकाणी दोरीनं चौकोन आखा, आत असलेला तेंदू, मोह, चारोळी, साग यांचा एक एक कोंब मुळाशी उकरून पाहा, बियाचा की मुळावरचा, आणि वहीत दोन रकाने करा. एक चौकोन जिथं आग गेली तिथं घ्या, एक जिथं गेली नाही तिथं. आकडे आले की मला पाठवा, मग कोणत्या तुकड्यात काय लावायचं आणि कुठं नुसतं राखून चालेल ते सांगतो.